अडीच मिलिमीटरचा चढ

बाबा,

पूल उभा राहिला. सहा खांब, सात गाळे. काल वरून गाडी गेली आणि परत आली, इंजिन आणि नऊ डबे, एकदाही अडखळली नाही. तेव्हापासून हे कोणाला तरी नीट, मापांसकट सांगायचं आहे, आणि मापांसकट ऐकून घेईल असं माणूस घरात नाही. तुमची सून दारातून डोकावली आणि म्हणाली, "झाला का एकदाचा? मंग माहा पाटा वापस द्या." तुम्ही ऐकून घेतलं असतं. इंचाची किंमत तुम्हाला होती. म्हणून तुम्हालाच लिहितो.

पूल आपलाच, गावामागच्या नाल्यावरचा, ज्यावरून तुम्ही सव्वीस वर्षं रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून शेगावच्या दिशेनं जायचात, रूळ धरून ठेवणाऱ्या ढिल्या झालेल्या लोखंडी चाव्या ठोकत, आणि दुपारी त्याच वाटेनं परत यायचात. आता तो माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहे, एका मोडीत काढलेल्या दाराच्या फळीवर. तुम्ही गेलात तेव्हा फाट्यावर माझी टपरी होती, आता पक्कं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी भरून देतो, पंप दुरुस्त करतो. तार कशी गुंडाळायची हे मला कोणी शिकवलं नाही, जळालेल्या मोटारी उकलून उकलून शिकलो, आणि ही छोटी रेल्वेही तशीच. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर हे माप धरलं. त्या मापाचे तयार रूळ बाजारात मिळतात, पण दोन रुळांमधलं त्यांचं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. तो परदेशातल्या लाइनीचा हिशेब. आपली लाइन साडेपाच फुटांची, साडेतीननं गुणा, सव्वाएकोणीस येतात. लोक म्हणतात, एवढ्यानं काय होते? मी म्हणतो, मग ती गाडी आपली राहत नाही. रूळ मी स्वतः बसवले, डब्यांच्या चाकांचे दांडे काढून स्वतः लांब केले.

खरी मजा खांबांची. आधी लाकूड पाहिलं, मग प्लास्टर पाहिलं. लाकडाला दगडाचा रंग देता येतो, पण हात लावला की ते लाकूडच. प्लास्टरवर सुईनं ओरखडलेले दगड ओरखडलेलेच दिसतात. मग एका पंपाच्या कामाला जळगाव जामोदला गेलो होतो. परतीच्या वाटेवर एका भंगारवाल्याकडे शाळेतल्या दगडी पाट्यांची चळत दिसली, चौकटी निघालेल्या, कोपरे उडालेले. एक उचलली आणि खिशातला व्हर्नियर जाडीला लावला. तीन पूर्णांक आठ. बाबा, मी तिथंच उभा राहिलो. जरा घासली की साडेतीन, म्हणजे एक फूट, म्हणजे आपल्या पुलाच्या दगडाचा एक थर. रंगही तोच, काळ्या दगडावर ऊन पडून पडून येतो तसा. भंगारवाला म्हणाला, "पोराईले शिकवता का?" म्हटलं, "नाही, पूल बांधतो." त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाट्या बांधायला घेतल्या.

आत सागवानाचा गाभा आणि बाहेरून पाटीचे दगड. एका थराला बावीस तुकडे, एका खांबाला अठरा थर, असे सहा खांब. दोन हजार तीनशे शहात्तर दगड मी आरीच्या पात्यानं कापले आणि पाणी टाकून घासले. पाट्यासारखं सपाट काही घरात नव्हतं, म्हणून चटणीचा पाटा दुकानात आणला. तुमची सून महिनाभर मिक्सरातली चटणी वाढत होती आणि आल्यागेल्याला सांगत होती, "आमच्या घरी पाट्यावर पूल वाटतेत." सगळ्यात अवघड होतं ते नाक. नाल्याच्या वरच्या अंगाला पाणी कापायला खांबाला जे टोक काढलेलं असतं, तिथले दगड तिरपे लागतात आणि एक थर सोडून एक थर सांधा बदलतो. तो मी बदलला. कोणी पाहणार नाही हे ठाऊक होतं, तरी बदलला. शाळेतून येताना नाल्यात उतरून मी त्या नाकावर बोट फिरवायचो, त्यामुळे सांधा कुठं येतो हे माझ्या बोटाला पाठ होतं.

हे लिहिता लिहिता स्वयंपाकघरातला ओटा आठवला. तो तुम्ही स्वतः बांधलात, मी तेव्हा बारा वर्षांचा असेन. आई अंगणात तीन दगडांवर भाकरी करतेय आणि आत आपण दोघं पाण्याची नळी घेऊन पातळी काढतोय. साधी पारदर्शक नळी, गवंडी वापरतात ती. एक टोक बादलीत, दुसरं माझ्या तोंडात. मी पाणी ओढलं, अर्धं गिळलं, आणि नळीत मधेच एक बुडबुडा अडकला. मी म्हटलं, चालते. तुम्ही नळी दाराच्या उजेडात धरलीत आणि बोटानं टिचक्या मारत मारत तो बुडबुडा वरपर्यंत नेऊन बाहेर काढलात. किती वेळ लागला. आई बाहेरून ओरडली, "ओटा बांधून राह्यले का बासरी वाजवून राह्यले?" आणि तुम्ही मला म्हणालात, "पानी खोटं नाही बोलत. पर मधात हवा राह्यली का तेबी लबाड होते." तो ओटा अजून तसाच आहे. परवा मी त्यावर स्टीलचा छर्रा ठेवून पाहिला. हलला नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. त्याला पस्तीस वर्षं झाली. मी दहावी झालेला, भूमितीत गावात पहिला, आणि त्या पहिलेपणाचा वास माझ्या अंगाला येत असणार. तुमचा डबा घेऊन मी लाइनीवर आलो होतो. तुमची रेल्वेची गँग निंबाखाली जेवत होती आणि तुम्ही नेहमीप्रमाणे सांगत होता की आपला पूल सपाट नाही, शेगावकडे चढतो. चढाची पाटी पुलाच्या अल्याड होती, ती कधीचीच मोडून पडली होती, आणि साहेबाचे कागद निंबाखालच्या कोणाला वाचता येत नव्हते. गँगचे मुकादम म्हणाले, "तुले कोनं सांगतलं बे?" तुम्ही म्हणालात, "गुडघा सांगते. जाताना पुलावर गुडघा बोलते, येताना गप रायते." सगळे हसले. मीही हसलो आणि वर म्हटलं, "बाबा, पूल सपाटच असतो. गर्डर सरळ, रूळ सरळ, चढ येईल कुठून?" पुलाच्या दरजा भरायला आलेला एक गवंडी तिथंच बसला होता, त्याच्याकडे तीस फुटी नळी होती. मुकादमांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "घे बे, लाव नळी. होऊन जाऊ दे बापलेकाचं."

गाडीला पाऊण तास होता. दोन्ही टोकांना लाल झेंडी देऊन माणसं उभी केली. गवंडी एका खांबाच्या वर, मी शेगावच्या अंगाला पुढच्या खांबाच्या वर, मधे वीस फूट. रुळाच्या डोक्यावर स्टीलची पट्टी उभी धरायची, तिला नळी लावायची आणि पाणी किती इंचांवर थांबतं ते वाचायचं. गवंडी म्हणाला, "सहा." मी म्हटलं, "सहा." खाली नाल्यातून गँगचा जो कल्ला झाला तो मला अजून ऐकू येतो. मुकादम म्हणाले, "काऊन बे, तुहे गुडघे खोटं बोलून राह्यले का?" तुम्ही वर आलात. "हाव," म्हणालात, "पोराच्या हातात पानी हाये, माह्या हातात हातोडा." नळी तुम्हीच गुंडाळलीत. गुंडाळताना ती एकदा आभाळाकडे धरून पाहिलीत आणि गवंड्याला एवढंच म्हणालात, "भरताना धीरानं भरत जाय." डबा धुऊन माझ्या हातात दिलात.

त्या दिवसापासून तुमचं नाव चढाव पडलं. "काय बे चढाव, आज किती चढला पूल?" हे मी सकाळच्या हजेरीला ऐकलं, चहाच्या टपरीवर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी स्टेशनावर हार घालताना मुकादम म्हणाले, "चढाव आज उतरला." सगळे हसले, तुम्हीही हसलात. पुलाच्या चढाचं नाव मात्र तुम्ही त्या निंबाखाली शेवटचं काढलंत. त्यानंतर तुमच्या तोंडून तो विषय मी कधी ऐकला नाही.

तर आता माझा पूल. सहाही खांबांचे थर मी नाल्यात उभं राहून गिनले होते, प्रत्येकी अठरा. एका खांबाला टेप लावला, अठरा फूट. बाकीचे पाच लावले नाहीत. थर सारखे तर उंची सारखी, एवढं तर भूमितीत पहिल्या आलेल्याला कळतं. सहा खांब त्रेसष्ट मिलिमीटरचे केले, शंभर नंबरी. दोन काठांच्या भिंती मात्र मी खाली खडकापासून वेगवेगळ्या टेप लावून मोजल्या होत्या. वहीत शेगावकडची भिंत आठ इंच जास्त लिहिलेली होती. म्हटलं, टेप वाकला असेल. तरीही वहीतल्या मापानं भिंती केल्या, कारण वहीत असेल ते करायचं हा माझा नियम. आणि रूळ टाकताना शेगावकडचा काठ अडीच मिलिमीटर वर आला. मी काय केलं? काठ घासला. पॉलिश पेपर घेतला आणि पंधरा मिनिटांत तो खाली आणला. गाडी चालवली, चालली. तुमच्या सुनेनं विचारलं, "मंग तोंड काऊन पाडलं?" ज्या हातांनी नाकाचे सांधे बदलले, त्याच हातांनी मी काठ घासला होता, पूल सपाट यावा म्हणून.

पंधरा दिवस मी त्या खोलीत गेलो नाही. मग दुकानात कोणीतरी सांगितलं की आपल्या पुलाशेजारचा नवा पूल चालू झाला, जुन्यावरचे रूळ उचलले, आता गर्डर काढणार आणि मग खांब पाडणार. हातातली मोटार तशीच उघडी टाकून मी निघालो. साइटवरचा सुपरवायझर जालन्याकडचा, तरणा आणि भला. त्याला म्हटलं, फक्त मोजायचं आहे. म्हणाला, "मोजा की काका, आज काम बंदच हाये." पन्नास फुटी नवी नळी होती, पाण्यात नीळ टाकली होती. बादली काठाच्या भिंतीवर ठेवून नळी भरली, किती वेळ लागला ते पाहिलं नाही, आणि मग पूर्ण पन्नास फूट बोटाखालून सरकवत नेली. कुठं काही नाही. मग शिडी लावून एकेका खांबाचा माथा. पहिल्यापासून दुसरा, एक इंच आणि वर पावाला थोडं कमी. पुन्हा लावली. तेवढंच. दुसऱ्यापासून तिसरा, जवळपास तेवढंच. तिसऱ्यापासून चौथा. बाबा, प्रत्येक खांब आधीच्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा उंच आहे. थर अठराच आहेत, पण गर्डर ज्यावर टेकतो तो सगळ्यात वरचा दगड दर खांबाला थोडा जाड होत गेला आहे, पहिल्याचा फुटापेक्षा किंचित जास्त, सहाव्याचा दीड फूट. खालून तो गर्डरच्या सावलीत येतो, त्यात पारव्यांनी रंगवलेला, दिसतच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत आठ इंच आणि वर थोडं. एवढा चढ अख्ख्या पुलात वाटून दिलेला, आणि तो तुमच्या गुडघ्याला कळला होता.

मी खाली दगडावर बसलो आणि हसत सुटलो. सुपरवायझर पाण्याची बाटली घेऊन आला, त्याला वाटलं ऊन लागलं. मी आकडे सांगितले तर म्हणाला, "काका, ह्ये तर ड्रॉइंगवरच लिहिलंय. दोनशेला एक, दोनशे फुटाला एक फूट चढ. मला इचारायचं ना, एवढ्या उन्हात कशाला नळ्या वडत बसलात?" मी म्हटलं, "मले कोणाले विचाराची सवय नाही." तो म्हणाला, "ते दिसलंच."

घरी येऊन सहाही खांबांच्या टोप्या, म्हणजे सगळ्यात वरचे थर, उडवल्या आणि काठ पुन्हा भरून काढला. आता नव्या टोपीचे दगड हवे होते, सहाव्याचा सव्वापाच मिलिमीटर जाड, आणि आणलेल्या पाट्या तेवढ्या जाड नव्हत्या. घरात एकच पाटी तशी होती. तुम्ही शेगावहून आणलेली, माझ्या पहिलीच्या वर्षीची, जुन्या जाड दगडाची. आठवड्यातच मी ती अंगणातल्या नालीवर आडवी टाकून तिच्यावर वीट ठेवली होती, पूल म्हणून, आणि तिचे दोन तुकडे झाले. "शिकाले आनली होती, नालीवर टाकाले नाही," असं म्हणून तुम्ही कान धरला होता. पण ते दोन तुकडे तुम्ही फेकले नव्हते. तुमच्या पेटीत, निवृत्तीच्या कागदांखाली, फडक्यात बांधलेले सापडले. सहा मिलिमीटर. त्यातून सहा टोप्या निघाल्या आणि वर नखाएवढा तुकडा उरला. आता पुलाचा चढ पूर्ण तिच्यावर आहे.

काल मुकादमकाकांना बोलावलं. ब्याऐंशीचे आहेत, काठी घेऊन आले. खुर्ची दिली, ती नको म्हणाले, फळीवर वाकले आणि बोटानं एकेक गाळा गिनला. "नाक जमलं," म्हणाले. बाबा, नाक पहिल्यांदा त्यांना दिसलं. गाडी फिरवून दाखवली, त्यांनी मान हलवली. मग मी ट्रकच्या बेअरिंगमधला मोठा छर्रा काढला. दोन रुळांवर बरोबर बसतो आणि रुळांवरून पडत नाही. शेगावच्या टोकाला ठेवला आणि हात काढून घेतला. आधी तो थांबल्यासारखा वाटला, मग हळूच निघाला आणि पाच-सहा सेकंदांत अख्खा पूल ओलांडून आपल्या गावाकडच्या काठाला येऊन टेकला. मुकादमकाकांनी छर्रा उचलला, स्वतः ठेवला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा ठेवला. मग मी वही उघडून नाल्यातली मापं वाचून दाखवली, दोनशेला एकसुद्धा. ते खुर्चीवर बसले. "म्हंजे चढाव खरा होता," म्हणाले. "अन् आमी त्याले जलमभर..." चहा आला, अर्धा प्याले, आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मंग त्या दिवशी पानी सारखं काऊन आलं बे?"

मी म्हटलं, "गवंड्याची नळी जुनी होती, काका."

"हाव," ते म्हणाले, "तो गवंडी होताच तसा. कामात ध्यान नव्हतं त्याचं." जाताना दारात थांबून म्हणाले, उद्या पारावर सगळ्या म्हाताऱ्यांना सांगतो, की चढाव खरा होता आणि गवंड्यानं घोळ केला. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडलं. गवंडी कधीच गेला, त्याची माणसं कुठं असतात मला माहीत नाही.

तर बाबा, पूल मापात आहे, आणि हे पत्र मी व्हर्नियरच्या डब्याखाली ठेवणार आहे, ते कुठं जाणार नाही. पण माझ्या वहीत असेल तसं करायचं हा नियम आहे, आणि एक माप मी वहीत अजून लिहिलेलं नाही. त्या दिवशी नळीत हवा होती. बोटाच्या पेराएवढी, माझ्याच बाजूला, पट्टीच्या जरा खाली. मी ती आधी पाहिली, आणि मग सहा म्हटलं.